शेजारच्या सीटचं वजन

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार पोचला, तब्येत विचारून झाली, असं समज आणि मला थेट मुद्द्यावर येऊ दे. मी एक जुनी गाडी घेतली आहे. आई म्हणते, "हिचं डोकं फिरलंय हे हिच्या मामालाच कळव, त्याच्याच वळणावर गेलीय." म्हणून कळवते.

गाडी तुझ्या लहानपणीची असावी. दोन दारं, लांबलचक नाक, गोल दिवे, चाकांवर फुगीर मडगार्डं. दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागरी मागे आणि मूठ पुढे. आत पुढची सीट घरातल्या सोफ्याएवढी. आधीचा मालक फोटोग्राफर होता. लोकांना हिच्यापुढे उभं करून फोटो काढायचा. फोटोत गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून त्याने पुढचे पाटे, म्हणजे वजन झेलणाऱ्या कमानदार स्प्रिंगा, गॅसने तापवून खाली बसवून टाकले. दिसते देखणी. चालते मात्र रडत. माझ्या दुकानासमोरच्या गतिरोधकावरून नेली की पुढचा एक्सल चासीवर धाडकन आदळतो, आणि माझ्या हातातलं स्टेअरिंग आपल्या मनाने थोडं वळतं. मी वळवलेलं नसताना.

ते का वळतं हे मला हवंय. रात्री झोपताना तेच डोक्यात असतं.

शेजारच्या वेल्डरदादांनी तीन मार्ग सांगितले आहेत. एक, खाली वाकवलेला एक्सल आणि नवे पाटे. दोन, एक्सल काढूनच टाकायचा आणि भंगारातल्या एखाद्या चांगल्या गाडीची स्वतंत्र चाकं बसवायची, म्हणजे प्रत्येक चाकाला आपापले हात आणि आपापली स्प्रिंग. तीन, स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या, बटण दाबलं की गाडी वर, बटण दाबलं की खाली. दादांना तिसरा मार्ग फार आवडलाय. मला अजून काहीच कळलेलं नाही. मी पडले वजनकाटे दुरुस्त करणारी. माझं आयुष्य काटा हलू नये यात गेलं, आणि इथे सगळं हलण्यावर चाललंय.

फोन करणार होते. पण मागच्या खेपेला मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, आणि तू म्हणालास, "हो हो, चालतील, दोन्ही आणा." तेव्हा पत्रच बरं.

आईचं तसंच आहे. दिवसाआड दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर बसायचं, त्यामुळे गाव सोडणं तिला जमणार नाही. काल पुन्हा विचारत होती, तो कधी येतोय. मी म्हटलं, अगं, पाठीच्या ऑपरेशननंतर त्याला कुठल्याच गाडीत बसवत नाही. तर म्हणाली, "मग चालत ये म्हणावं."

तुझी
भिंगरी

१२ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र वाचलं आणि तुझ्या त्या फोटोग्राफरला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. तापवलेला पाटा म्हणजे पाटा राहत नाही, नुसती लोखंडाची पट्टी राहते. ते पाटे आधी काढ आणि कोणाच्या हाती लागणार नाहीत असे टाक.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी आयुष्यभर बस डेपोत पुढच्या एक्सलच्या खाली, खड्ड्यात उभा राहिलो. डोक्यावर बस, हातात पाना. तेव्हा माझं मत काय असणार हे तुला ठाऊक आहे आणि तरी तू विचारलंस, हा तुझा चांगुलपणा. वाकवलेला एक्सल घे. मूळचा सरळ दांडा काढायचा आणि दोन्ही टोकांना वर वळवलेला दांडा बसवायचा. चाकं जागच्या जागी राहतात, गाडी खाली येते, आणि पाट्यांना वरखाली व्हायला जागा उरते. एकच लोखंड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डावीकडच्या चाकाला ठेच लागली की उजवीकडच्याला कळतं. स्वतंत्र चाकं म्हणजे एका घरात राहून एकमेकांशी न बोलणारी भावंडं. आणि हवेच्या पिशव्या वेल्डरला म्हणावं स्वतःच्या खुर्चीला लाव.

स्टेअरिंग का वळतं ते सांगतो, म्हणजे झोप लागेल. चाक खड्ड्यात गेलं की एक्सल एका कमानीत वरखाली होतो. स्टेअरिंगचा दांडाही होतो, पण त्याची कमान वेगळी. गाडी मुळातल्या उंचीवर असते तेव्हा दोघांचं बरं जमतं. तुझ्या फोटोग्राफराने गाडी खाली दाबली आणि दोघांचं बिनसलं. एक जण वर जाताना दुसऱ्याला ओढतो, ते ओढणं तुझ्या हाताला लागतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बघून घे. पुढच्या चाकाला आडवी लांब फळी बांध. फळीच्या टोकाखाली जमिनीवर खडूने खूण कर. मग वेल्डरला बंपरवर बसव. टोक खुणेवरून सरकलं तर मी म्हणतो ते खरं.

आणि माझे प्रश्न. प्रत्येक चाकावर किती वजन येतं? काटेवालीला हे सांगायला नको. गाडी दाखवायला आहे की बसायला? शेजारी कोण बसणार? रस्ता कुठला? आणि सगळ्यात आधी, एवढी खाली हवीच कशाला, सरळ वर का उचलत नाहीस?

ताईला सांग, चालत निघालो असतो, पण तिला माझा वेग माहीत आहे. पोचेपर्यंत ती रागावून झोपलेली असेल.

मामा

२१ फेब्रुवारी

मामा,

फळीचं टोक सरकलं. वेल्डरदादा बसले तेव्हा दोन बोटं, त्यांचे मेहुणे बसले तेव्हा जवळजवळ चार. मेहुणे अंगाने आहेत. मी अर्धा दिवस लोकांना बंपरवर बसवत आणि उठवत होते. पोस्टमनलाही बसवलं. तो म्हणाला, ह्याचा उपयोग काय. मी म्हटलं, उपयोग मागाहून बघू, आधी कळू तर दे. गल्लीत आता माझ्याविषयी आईचंच मत झालंय.

चारही चाकांखाली गोदामातले काटे ठेवून वजनं घेतली, वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. पुढे मागच्यापेक्षा बरंच जास्त भरतं, आणि डाव्या पुढच्या चाकावर उजव्याहून थोडं जास्त. का, ते शोधायला बॅटरी काढून दुसरीकडे ठेवली, तरी फरक राहिलाच. मग लक्षात आलं, इंजिनच किंचित एका बाजूला बसवलेलं आहे.

आता तुझे प्रश्न. गाडी बसायला आहे. रस्ता लांबचा, निम्मा बरा, निम्मा उखडलेला, मध्ये थोडे घाटासारखे चढ. शेजारच्या सीटवर एक गृहस्थ बसणार आहेत. वय सत्तरीच्या पुढे. पाठीचं मोठं ऑपरेशन झालेलं. वजन चौऱ्याऐंशी किलो.

गाडी खाली हवी ती त्यांच्यासाठीच. त्यांना पाय उचलून चढता येत नाही आणि वाकून आत शिरता येत नाही. जुन्या गाड्यांच्या सीटा मुळात उंच असतात. ही गाडी आत्ता आहे इतकी खाली असली की तिची सीट बरोबर जेवणाच्या खुर्चीच्या उंचीवर येते. मी मोजलं. दार उलटं उघडतं, त्यामुळे ते गाडीकडे पाठ करून सरळ बसू शकतात आणि मग पाय आत फिरवायचे. बाकी कुठल्याही गाडीत हे जमत नाही. मी दवाखान्याच्या दारात उभी राहून बऱ्याच गाड्या पाहिल्या.

म्हणजे खाली तर हवीच, पण आदळायला नको. जमेल का?

भिंगरी

२ मार्च

भिंगरे,

हे गृहस्थ कोण?

तुझ्या आईने कधी उल्लेख केला नाही. सत्तरीच्या पुढचे म्हणजे तुझ्यासाठी नसावेत. त्यांचा मुलगा बिलगा आहे का? तुझी मामेबहीण म्हणते, बाबा, नसत्या चौकशा करू नका. पण मामाने चौकशी करायची नाही तर कोणी करायची? ज्या माणसासाठी तू चालत्या दुकानाला कुलूप लावून पोस्टमनला बंपरवर बसवतेस, त्याच्याविषयी मला कुतूहल असणारच.

आणि एक विचारतो. त्या गृहस्थांना खरंच कुठे जायचंय का, की तुम्हीच परस्पर ठरवलंय? म्हातारी माणसं नाही म्हणतात तेव्हा पाठीचं कारण सांगतात, कारण पाठीला कोणी उलट विचारत नाही. विचारून ठेव.

सीटच्या उंचीचं मात्र दोनदा वाचलं. मी आयुष्यात हजारो माणसांना बसमध्ये चढताना पाहिलं, पण पायरी मोजली ती बसच्या बाजूने, माणसाच्या बाजूने कधी नाही.

एक्सलचं माझं म्हणणं तेच आहे. तरी एक गोष्ट सलते आहे. बसमध्ये मी कायम खाली होतो, खड्ड्यात. वर बसलेल्या माणसाच्या पाठीला नेमकं काय लागतं, उसळणं की डोलणं, हे मला माहीत नाही. आजवर माहीत असल्यासारखं बोलत आलो. जरा बघून सांगतो. तोवर वेल्डरला काही कापू देऊ नकोस.

मामा

४ एप्रिल

मामा,

महिना उलटला. तुझं पत्र नाही. वेल्डरदादा रोज सकाळी कटर हातात घेऊन शेडच्या दारात येतात आणि मी रोज त्यांना परत पाठवते.

काल न राहवून मामेबहिणीला फोन केला. ती म्हणाली, "तूच सांग काय चाललंय ते. इतकी वर्षं जिना न उतरलेला माणूस सकाळी उठून गायब होतो. परवा खालच्या पाववाल्याच्या गाडीतून उतरताना दिसले. हातात ताटली होती. विचारलं तर म्हणतात, काम आहे." तिने आणखी काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. म्हणाली, "जाऊ दे, बाबांनी शपथ घातलीय." कसली शपथ?

मामा, तू गाडीत बसलास? तुला तर रिक्षाचं नाव काढलं तरी कळ यायची. जपून रे. मला एक्सल नंतर कळला तरी चालेल.

आई बरी आहे. तिला तुझ्या ताटलीचं सांगितलं, तर खूप दिवसांनी मनापासून हसली.

भिंगरी

११ एप्रिल

भिंगरे,

रागावू नकोस, प्रयोग चालू होते. घाईत केलेला प्रयोग न केल्यासारखाच.

आमच्या इमारतीखाली पाववाला आहे. त्याच्या गाडीला पुढे पाटे आणि सबंध एक्सल, अगदी माझ्या पंथाची. समोरच्या दाराला दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्या छोट्या गाडीची पुढची चाकं स्वतंत्र. रस्ता एकच, बेकरीपासून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत, मध्ये एक वाईट खड्डा आणि दोन गतिरोधक. मी मांडीवर पाण्याने भरलेली खोल ताटली घेऊन आधी एकीत बसायचो, मग दुसरीत. पाणी कुठल्या बाजूला सांडतं ते पॅंटवरून कळायचं. कानाने ऐकू येत नाही त्याचा इथे फायदा झाला. आवाजाने मन फितत नाही, पाठीला जे कळतं तेवढंच कळतं.

पहिल्या दिवशी बसलो तेव्हा घाम फुटला. पाववाला बिचारा म्हणाला, काका, उतरा. मी म्हटलं, आधी पाणी बघू दे. पाण्याकडे बघता बघता शाळेचा कोपरा आला आणि गेला. परत जिन्याशी आलो तेव्हा आठवलं की आपल्याला भीती वाटत होती. पुढे पुढे तर तो, मी आणि रिकामे ट्रे, सगळे पुढच्याच सीटवर मावून जायचो.

आता निकाल ऐक, आणि ताईखेरीज कोणाला सांगू नकोस. माझा पंथ हरला.

गतिरोधकावर दोन्ही गाड्या सारख्याच. दोन्ही चाकं एकदम चढतात, पाणी पुढे येतं, मागे जातं, पाठ ते सोसते. पण खड्ड्यात एकच चाक जातं. पाववाल्याच्या गाडीत डावं चाक खाली गेलं की सबंध एक्सल तिरका होतो, त्याच्याबरोबर गाडी तिरकी होते, आणि माझं डोकं एकदा खिडकीकडे, एकदा पाववाल्याकडे. पाणी कुशीवर सांडतं. तेच पाठीला नको असतं. उसळणं चालतं, डोलणं नाही. डॉक्टरांच्या गाडीत खड्ड्यातलं चाक आपलं आपण खाली जाऊन येतं, दुसऱ्याला पत्ताही नसतो, पाणी जरा थरथरतं इतकंच. मी जे एकमेकांचं दुःख कळणं म्हणून मिरवत होतो ते मधल्यामध्ये बसणाऱ्याच्या पाठीवर निघत होतं.

म्हणून स्वतंत्र चाकं घे. वेल्डरला नीट सांग: स्प्रिंग कापून गाडी खाली आणायची नाही. चाक ज्या खुंटावर फिरतं तो खुंट वर घ्यायचा, म्हणजे गाडी खाली येईल आणि स्प्रिंगला काम करायला जागा राहील. चाकाला वर यायला निदान चार बोटं मोकळी हवीत. स्टेअरिंगचा आडवा दांडा चाकाच्या खालच्या हाताला समांतर ठेवा, आणि दोघांची आतली टोकं एका रेषेत. नाहीतर एवढं करून स्टेअरिंग पुन्हा आपल्या मनाने वळेल. फळी बांधून खात्री करून घे. हवेच्या पिशव्यांबद्दल वाईट बोललो ते मागे घेत नाही, पण लांबच्या रस्त्यावर एखादी फुटली तर गृहस्थांना कुठे बसवशील, हा खरा मुद्दा.

गृहस्थांना विचारलंस का?

मामा

३० मे

मामा,

झालं. गेल्या आठवड्यात जमिनीवर उतरवली.

भंगारातून एका मोठ्या गाडीची पुढची सगळी जोडणी मिळाली, वरचे हात, खालचे हात, स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर. वेल्डरदादांनी चासीचा पुढचा भाग कापला तेव्हा मी शेडबाहेर जाऊन उभी राहिले, बघवेना. पहिल्यांदा स्टेअरिंगचा दांडा बोटभर उंच बसला होता. फळी बांधली, पोस्टमन बसला, टोक सरकलं. दादा म्हणाले, एवढ्याने काय होतंय. मी म्हटलं, मामा म्हणतो होतंय. पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं. आता मेहुणे बसले तरी टोक खुणेवरच राहतं. पोस्टमनने स्वतः वाकून बघितलं आणि म्हणाला, हां, आता कळला उपयोग.

सीटसुद्धा उसवून आतल्या स्प्रिंगा नव्याने बांधून घेतल्या, चौऱ्याऐंशी किलोंच्या बेताने. शेजारी माणसाऐवजी तपासणीची लोखंडी वजनं ठेवली, वीसचे चार ठोकळे आणि वर दोन-दोनचे दोन. पट्टा बांधला. रोज सकाळी मी आणि ठोकळे फिरून येतो. उखडलेल्या रस्त्यावरून नेलं, ठोकळ्यांवर तुझ्यासारखी ताटली ठेवून. थोडंच सांडलं. आई खिडकीतून बघत असते. म्हणते, शेजारी बसलेला फार कमी बोलतो.

मामा, आता लपवत नाही. गृहस्थ तू आहेस. गाडी मी आधी हौसेनेच घेतली होती, पण सीटची उंची मोजली त्या दिवसापासून ती तुझी आहे. सांगितलं असतं तर तू पहिल्याच पत्रात नाही म्हणाला असतास, म्हणून एका तिऱ्हाइताचा सल्ला मागितल्यासारखा मागितला. तू फसलास याचं मला थोडं हसू येतं आणि थोडं वाईट वाटतं.

आईला तुला बघायचंय. ती माझ्यापाशी रडत वगैरे नाही, तुला माहीत आहे ती. पण परवा दवाखान्यात मशीनवर असताना म्हणाली, "तो आला की त्याला खिडकीजवळची खोली दे." "आला तर" नाही म्हणाली, "आला की" म्हणाली.

मी गाडी घेऊन येते. तू फक्त हो म्हण.

भिंगरी

८ जून

भिंगरे,

फसलो नव्हतो. चौऱ्याऐंशी आकडा वाचला त्याच क्षणी कळलं.

तू दुकान उघडलंस त्या दिवशी नव्या प्लॅटफॉर्म काट्यावर पहिला कोण उभा राहिला होता? मी. बुटांसकट. काटा चौऱ्याऐंशीवर थांबला आणि ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "यातले निम्मे माझे आहेत." खरंच होतं ते. आमची आई गेली तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. ताई स्वतः परकर सावरत शाळेत जाणारी पोर, तिने आपल्या पानातलं माझ्या पानात घालून मला मोठा केला. गल्लीत लोक तिला विचारायचे, याला काय घालतेस गं. तिला त्याचा केवढा अभिमान होता.

म्हणून तो आकडा वाचून मी गप्प बसलो आणि मुलाबिलाच्या चौकशा केल्या. कारण तो आकडा चुकलाय. गेल्या साली ताप आला, जेवण सुटलं, आणि उतरलो तो उतरलोच. डॉक्टर म्हणतात आता धोका नाही, पण गेलेलं मांस परत यायचं वय नाही. पाववाल्याच्या सीटवर आम्ही ट्रेंसकट मावायचो तो काही त्याच्या गाडीचा मोठेपणा नव्हे. तुझ्या बहिणीला शपथ घातली होती ती हीच, की ताईला कळवायचं नाही. पाठ दुखते हे खरं, पण मी येत नव्हतो तो पाठीमुळे नव्हे. तिने घास घास घालून केलेला भाऊ तिच्यासमोर असा हाडं घेऊन कसा उभा राहू, हे मला सुचत नव्हतं. लाज वाटते गं.

पण तू रोज सकाळी माझ्या जागी लोखंड बसवून फिरतेस हे वाचलं आणि राहवेना. ते लोखंड मी नाही. काटेवालीच्या गाडीत खोटं वजन नको.

सत्तावन्न धर. बुटांशिवाय.

पुढच्या स्प्रिंगांना हात लावू नकोस. इंजिनच्या वजनापुढे एवढ्या फरकाने त्यांचं काही बिघडत नाही. सीटला मात्र कळेल. चौऱ्याऐंशीच्या बेताने बांधलेली सीट हलक्या माणसाला टणक लागते, प्रत्येक खड्ड्याला वर उडवते. ती जरा सैल करून घे.

येतो. ताईला आधी सांगून ठेव, म्हणजे दारात मला बघून दचकायची नाही. कसं सांगायचं ते तूच ठरव, मला जमणार नाही.

मामा

१४ जून

मामा,

सांगावं लागलंच नाही. तुझं पत्र आलं तेव्हा आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. मी वाचून झाल्यावर गाडीचं दार उघडलं आणि ठोकळे उतरवायला लागले. वरचे दोन-दोनचे आणि वीसचे चारही काढले. मग वीसचे दोन परत ठेवले, एक दहाचा, एक पाचाचा, एक दोनाचा. ती बघत होती. ती काटेवालीची आई आहे, तिला बेरीज येते.

 मग म्हणाली, "एवढाच राहिलाय?" मी हो म्हटलं. पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाली, दुकान उघड.

दुकानात गेलो. मला धरून ती त्याच प्लॅटफॉर्म काट्यावर चढली, चपला बाहेर काढून ठेवल्या. मशीन तिचंही सगळं ओढून घेतंय, हे ती तुझ्यापासून लपवत होती आणि मला लिहू देत नव्हती. काटा थांबेपर्यंत हलली नाही. मग आकडा मला मोठ्याने वाचायला लावला आणि म्हणाली, "हाच्या हा लिही त्याला. एकेचाळीस. आणि म्हणावं, मला बघून तू दचकू नकोस."

तिच्या खुर्चीवरची मऊ उशी तिने गाडीच्या सीटवर ठेवायला दिली आहे. सीट मी उद्या सैल करून घेते.

शनिवारी पहाटे निघते. खाली उतरून उभा राहा, आणि ताटली घेऊन ये.

भिंगरी